तृणधान्यांवरील खोडकिडे : त्यांचे वर्षचक्र व बंदोबस्त

पिकावर पडणाऱ्या बहुतेक किडी शेतकऱ्याच्या दृष्टीस पडतात. मावा पानावर बसलेला दिसतो, टोळ उडताना दिसतो, पाने खाणारी अळी पानावरच सापडते. खोडकिड्याचे तसे नाही. तो आपले बहुतेक आयुष्य ताटाच्या आत काढतो. त्याची ओळख पटते ती वाळलेल्या पोंग्यावरून किंवा दाणा न भरलेल्या लोंबीवरून, आणि तोपर्यंत त्या ताटापुरते नुकसान होऊन गेलेले असते. यास्तव हा किडा वर्षाच्या बारा महिन्यांत कोठे राहतो, कशावर जगतो, कशाने वाढतो व कशाने मरतो हे समजून घेणे एखाद्या औषधाचे नाव पाठ करण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

तीन प्रमुख खोडकिडे

महाराष्ट्रातील तृणधान्यांवर मुख्यत्वे तीन प्रकारचे खोडकिडे आढळतात. हे तिन्ही किडे पतंगवर्गातील असून पिकास उपद्रव देते ती त्यांची अळी. पतंग पिकास काहीही खात नाहीत.

पहिला ज्वारी व मका या पिकांवरील खोडकिडा. शास्त्रात यास चायलो पार्टेलस म्हणतात. जुन्या पुस्तकांत तो चायलो झोनेलस या नावाने आढळतो. याची अळी मळकट पिवळसर असून तिचे डोके तपकिरी असते, आणि अंगावर लांबीच्या दिशेने गडद पट्टे व ठिपके असतात. मादी पानाच्या खालच्या बाजूस, बहुधा मधल्या शिरेजवळ, चपटी अंडी पुंजक्याने घालते. माशाच्या अंगावरील खवल्यांप्रमाणे ती एकावर एक चढलेली दिसतात.

दुसरा भातावरील पिवळा खोडकिडा. याचे मुख्य अन्न भातच होय. मादी पतंग पिवळी असून तिच्या पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालते व आपल्या शरीराच्या टोकाकडील पिवळसर तपकिरी केसांनी ती झाकून टाकते. लहान लोकरीच्या गोळीसारखा दिसणारा हा पुंजका एकदा ओळखू आला की पुन्हा विसरत नाही.

तिसरा गुलाबी खोडकिडा. याची अळी गुलाबी रंगाची असून अंगावर पट्टे नसतात. हा किडा नाचणी, भात, मका, ज्वारी, गहू, ऊस अशा अनेक पिकांवर जगतो. त्यामुळे एक पीक निघाले तरी त्याची उपासमार होत नाही. मादी पानाचे आवरण व ताट यांच्या सांधीत अंडी घालते. म्हणून ती सहजासहजी सापडत नाहीत.

ओळखीत होणारी गफलत

ज्वारीचा पोंगा वाळला म्हणजे तो खोडकिड्यानेच वाळला असे नाही. ज्वारीवर खोडमाशी नावाची दुसरी कीड आहे. ती पीक उगवल्यापासून साधारण पहिल्या चार आठवड्यांत पडते. तिने वाळविलेला पोंगा ओढताच उपटून येतो, त्याचा बुडखा कुजलेला असतो आणि त्यास घाण वास येतो. खोडकिड्याचा उपद्रव पीक थोडे मोठे झाल्यावर दिसू लागतो. त्याच्या बाबतीत पोंगा वाळण्यापूर्वी पानांवर आडव्या ओळीत बारीक छिद्रे दिसतात. कोवळी पाने पोंग्यात गुंडाळलेली असतानाच अळी ती भोसकते. पुढे पान उलगडले म्हणजे एका छिद्राच्या जागी छिद्रांची ओळ दिसते.

मक्यावर २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळीचीही भर पडली आहे. त्या वर्षी ती भारतात प्रथम कर्नाटकात आढळली आणि लवकरच महाराष्ट्रात आली. ही अळी पोंग्यातच राहून पाने मोठ्या प्रमाणावर फाडून खाते व पोंगा लाकडाच्या भुशासारख्या विष्ठेने भरून टाकते. तिच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठळक ठिपके असतात. उपाय योजण्यापूर्वी दोनचार पोंगे उकलून अळी प्रत्यक्ष पाहावी. एका किडीचा उपाय दुसरीवर केल्यास खर्च होतो व कीड तशीच राहते.

अळी ताटात शिरते तेव्हा काय घडते

ज्वारीवरील खोडकिड्याची अंडी साधारण चार ते सहा दिवसांत उबतात. बाहेर पडलेली अळी केसाएवढी बारीक असते. ती चालत पोंग्यात शिरते. काही अळ्या रेशमासारखा धागा सोडून वाऱ्याबरोबर शेजारच्या ताटावर जातात. प्रथम काही दिवस त्या पोंग्यातील कोवळी पाने खातात. नंतर ताट पोखरून आत शिरतात आणि तेथे दोन ते तीन आठवडे वाढतात. कोषात जाण्यापूर्वी अळी ताटाच्या सालीपर्यंत एक वाट कोरून ठेवते, कारण पतंगास कुरतडावयास तोंड नसते. सुमारे आठ-दहा दिवसांनी पतंग त्या वाटेने बाहेर पडतो. अशा रीतीने अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण एक ते सव्वा महिना लागतो आणि एका हंगामात दोनतीन पिढ्या सहज पुऱ्या होतात.

नुकसान किती होईल हे अळी कोणत्या वेळी शिरली यावर अवलंबून असते. ताट लहान असता अळी वाढीचा कोंब तोडते. कोंबाचा पुरवठा तुटल्याने मधला पोंगा वाळतो व बाजूची पाने हिरवीच राहतात. यास ज्वारीत पोंगेमर व भातात गाभेमर म्हणतात. पीक मोठे झाल्यावर अळी शिरली तर ताट मरत नाही, परंतु आतून पोखरले गेल्याने कणसास अन्नपाणी कमी पडते, दाणा पोचट राहतो आणि वाऱ्याने कणसाचा दांडा मोडतो. भात पोटरीत असता किंवा निसवताना अळीने दांडा कापला तर संपूर्ण लोंबी पांढरी फटक पडते. कोकणात यास पळींज म्हणतात.

या दोन अवस्थांतील फरक महत्त्वाचा आहे. भाताच्या चुडातील दोनतीन फुटवे लवकर मेले, तर तो चूड नवे फुटवे फोडून बरीच भर काढतो. पळींज पडलेली लोंबी मात्र भरून निघत नाही. तिच्यावर खतपाण्याचा सारा खर्च होऊन चुकलेला असतो. म्हणून सुरुवातीच्या तुरळक गाभेमरीने घाबरून जाऊ नये, पण पोटरीच्या आधीच्या पंधरवड्यात पिकाकडे दुर्लक्षही करू नये.

उन्हाळ्यातील मुक्काम

पावसाळ्यात पडणारा हा किडा उन्हाळ्यात कोठे जातो? तो कोठेच जात नाही. ज्वारी पक्व होऊन ताट वाळू लागले म्हणजे शेवटच्या पिढीतील पुष्कळशा अळ्या कोषात न जाता सुप्तावस्थेत शिरतात. त्या खात नाहीत, वाढत नाहीत. ताटाच्या किंवा धसकटाच्या पोकळीत महिनेच्या महिने पडून राहतात. पुढे पावसाळी हवेचा ओलावा मिळाला की त्या जाग्या होतात, कोषात जातात आणि पतंग होऊन बाहेर पडतात. नेमक्या त्याच सुमारास नव्या पेरणीची रोपे हातभर होऊ लागलेली असतात. किड्याचा व पिकाचा हा मेळ योगायोगाने बसलेला नाही. दोघेही त्याच पावसाची वाट पाहत असतात.

भातावरील पिवळ्या खोडकिड्याची रीतही अशीच. कापणीच्या सुमारास अळी ताटातून खाली उतरते व बुडख्यात, कित्येकदा जमिनीच्या पातळीखाली, रेशमी आवरणात पडून राहते. भातानंतर खाचर नांगरले गेले नाही तर तिच्या मुक्कामास काहीच बाधा येत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पावसाळ्यात हा किडा लक्षावधी ताटांत विखुरलेला व आत दडलेला असतो, तर उन्हाळ्यात तो गंजीत, धसकटात व बांधावरील बरूसारख्या रानगवताच्या काड्यांत कोंडलेला असतो. ज्या वेळी शेतकऱ्यास त्याची आठवण नसते, त्याच वेळी तो सर्वांत सहज हाती लागतो.

एका मादीचा हिशेब

ज्वारीवरील खोडकिड्याची मादी आपल्या थोड्या दिवसांच्या आयुष्यात कित्येक शे अंडी घालते. हिशेबासाठी ३०० धरू. यांतील निम्म्या माद्या मानल्या व सर्व जगल्या असे समजले, तर पुढील पिढीत १५० माद्या आणि त्यापुढील पिढीत २२,५०० माद्या होतील. असे झाले असते तर ज्वारीचे एकही ताट उभे राहिले नसते.

प्रत्यक्षात किड्याची संख्या वर्षानुवर्षे साधारण तेवढीच राहते. याचा अर्थ ३०० अंड्यांतून सरासरीने एक नर व एक मादी एवढीच शेवटपर्यंत जगतात, आणि २९८ मरतात. जोराच्या पावसाने बारीक अळ्या धुऊन जातात. वाऱ्याबरोबर गेलेल्या कित्येक अळ्या ज्वारी नसलेल्या जागी पडून उपाशी मरतात. मुंग्या, कोळी व ढालकिडे अंडी व अळ्या खातात. ट्रायकोग्रामा नावाची डोळ्यांस जेमतेम दिसणारी गांधीलमाशीच्या कुळातील माशी खोडकिड्याच्या अंड्यात आपले अंडे घालते; त्या अंड्यातून अळीऐवजी ही मित्रमाशी बाहेर येते. कोटेशिया नावाची दुसरी माशी तर पोखरलेल्या ताटात शिरून अळीच्या शरीरात अंडी घालते. तिची पिले अळीस आतून खाऊन बाहेर पडतात व पांढऱ्या कोशांचा पुंजका करतात. असा पुंजका ताटात दिसल्यास तो नष्ट करू नये.

आता हिशेब पुढे नेला पाहिजे. मरणाऱ्यांची संख्या २९८ वरून २९६ वर आली, तर जगणारे दोनाचे चार होतात, म्हणजे किडा एका पिढीत दुप्पट होतो. शंभरात एकाहून कमी फरकाने ही वाढ होते. मित्रकीटकांचा थोडासा नाश केल्यास पिकावर मोठे संकट का येते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. भातावर वेळी-अवेळी विषारी फवारे मारल्याने कोळी व इतर मित्रकीटक मरून तपकिरी तुडतुडे उसळतात, हा अनुभवही याच कारणाने येतो.

आफ्रिकेतील धडा

ज्वारीवरील खोडकिडा मूळचा आशियातील. १९३० च्या दशकात तो आफ्रिकेतील मलावी देशात आढळला व पुढे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरला. तेथे मका व ज्वारी त्यास मुबलक मिळाली, परंतु आशियात त्याच्या पाठीवर असणारे शत्रू तेथे नव्हते. त्यामुळे तो तेथील प्रमुख कीड होऊन बसला. अखेर नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय कीटकसंशोधन केंद्राने १९९१ मध्ये पाकिस्तानातून कोटेशिया माशी आणविली. १९९३ मध्ये ती केनियाच्या किनारपट्टीत सोडण्यात आली व तेथे स्थिरावली. जी मित्रमाशी आपल्या शेतात फुकट काम करते, ती दुसऱ्या खंडास समुद्रापलीकडून न्यावी लागली.

याच केंद्राने शेतकऱ्यांसाठी आणखी एक पद्धत बसविली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम नावाचे द्विदल चाऱ्याचे पीक घ्यावयाचे व शेताच्या कडेने नेपियर गवत लावावयाचे. डेस्मोडियमच्या वासाने पतंग शेतातून दूर राहतात व नेपियरकडे ओढले जाऊन त्यावर अंडी घालतात. नेपियरवर मात्र बहुतेक अळ्या वाढू शकत नाहीत. डेस्मोडियममुळे टारफुल्यासही आळा बसतो आणि दोन्ही पिके जनावरांस चारा होतात. किडीचा स्वभाव ओळखला म्हणजे तिच्याविरुद्ध पीकरचनाच कशी उभी करता येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

कडबा व धसकटे यांची व्यवस्था

ज्वारीचा कडबा जाळून टाका, असा सल्ला शेतकऱ्यास देण्यात अर्थ नाही. सोलापूर, अहिल्यानगर, बीड यांसारख्या कमी पावसाच्या भागांत उन्हाळ्यात जनावरे जगतात ती कडब्यावर. कडबा राखावयाचा व त्यातील अळी मारावयाची, अशी तोड काढली पाहिजे. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात.

कणसे काढल्यावर ताटे लगेच गंजीत रचू नयेत. काही दिवस ती आडवी व पातळ पसरून कडक उन्हात तापू द्यावीत. गंजीच्या आतील ताटे सावलीत राहतात व अळ्यांस उत्तम निवारा मिळतो. उन्हात पसरलेल्या ताटातील पुष्कळ अळ्या मरतात. जनावरांस घालताना कडब्याची बारीक कुट्टी करावी. कुट्टीत अळी चिरली जाते व वैरणीची नासाडीही वाचते. शिल्लक कडबा मृग लागण्यापूर्वी संपविण्याचा प्रयत्न करावा. निदान तो शेताच्या बांधावर न ठेवता गोठ्याजवळ आणावा आणि आधी कुट्टी करून ठेवावा. जनावरांनी टाकलेले बुडखे उकिरड्यात खोल पुरावेत.

धसकटांची व्यवस्था नांगराने करावी. पीक निघताच नांगरट केल्यास धसकटे उलथून उन्हात पडतात. ती वेचून कंपोस्टच्या खड्ड्यात घालावीत. भाताची कापणी उंचावरून न करता जमिनीलगत करावी. यासाठी कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केलेला वैभव विळा सोयीचा आहे. कापणीनंतर ओल असतानाच नांगरट केल्यास बुडख्यातील अळ्या उघड्या पडून पक्ष्यांच्या तोंडी जातात आणि त्या ओलीवर वालासारखे कडधान्यही घेता येते.

पेरणीपासून कापणीपर्यंत

ज्वारीची पेरणी पावसाच्या सुरुवातीस व गावात शक्य तो एकाच सुमारास व्हावी. मागे-पुढे पेरलेल्या शेतांमुळे किड्यास एकामागून एक कोवळे पीक मिळत जाते व उशिराच्या शेतावर साऱ्या गावाचा किडा लोटतो. ज्वारीत तूर किंवा चवळीचे आंतरपीक घ्यावे. धाग्याला लोंबकळत गेलेली अळी तुरीवर पडली म्हणजे तिचा शेवट होतो. पोंगेमर झालेली ताटे उपटून अळीसह नष्ट करावीत.

भाताच्या रोपवाटिकेत अंडपुंज शोधून नष्ट करावेत. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे खुडावेत. पुष्कळसे पुंजके शेंड्यांवरच असल्याने ते खाचरात पोहोचत नाहीत. खुडलेले शेंडे तेथेच टाकू नयेत. चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेस भाताच्या तुसाची काळी राख देतात. या राखेतील सिलिका रोपात शोषली जाऊन ताट टणक होते व अळीस ते पोखरणे जड जाते. याउलट नत्र खत प्रमाणाबाहेर दिल्यास ताट मऊ व लुसलुशीत होते आणि किड्याचे फावते. म्हणून नत्र शिफारशीप्रमाणे व हप्त्यांनी द्यावे.

भातातील पतंगांवर नजर ठेवण्यासाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. पतंग दिसू लागताच ट्रायकोग्रामा जॅपोनिकम या मित्रमाशीची हेक्टरी १ लाख अंडी असलेली ट्रायकोकार्डे आठवड्याच्या अंतराने सोडावीत. या काळात फवारणी करू नये, अन्यथा विकत आणलेली माशी आपल्याच हाताने मारली जाईल.

औषध केव्हा

औषधाचा उपयोग होतो तो अळी अंड्यातून निघून ताटात शिरेपर्यंतच्या थोड्या दिवसांत. एकदा ती आत गेली की फवारा ताटाच्या सालीवर राहतो व अळी सुखरूप असते. म्हणून पोंगे वाळल्यावर घाईने केलेली फवारणी बहुधा वाया जाते.

फवारणी करावी की नाही हे मोजणीवरून ठरवावे. शेतात तिरके चालत पाच ठिकाणी प्रत्येकी वीस ताटे किंवा चूड पाहावेत. भातात शंभर फुटव्यांमागे पाच गाभेमर किंवा प्रत्येक चौरस मीटरला एक अंडपुंज आढळल्यासच औषधाचा विचार करावा. औषधाचे नाव व मात्रा कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या शिफारशीतून घ्यावी, जुन्या पुस्तकातून घेऊ नये. पूर्वी खोडकिड्यासाठी सर्रास सुचविले जाणारे एंडोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०११ पासून बंद आहे. फवारणीनंतर लेबलावर दिलेली मुदत संपेपर्यंत त्या शेतातील हिरवा चारा जनावरांस घालू नये.

गावाने मिळून करावयाचे काम

पतंगास बांध ठाऊक नसतो. एका शेतकऱ्याने धसकटे वेचली व शेजाऱ्याने तशीच ठेवली, तर पहिल्या पावसानंतर शेजाऱ्याचे पतंग दोघांच्याही शेतात उतरतात. पहिल्याचे श्रम व्यर्थ गेल्यासारखे दिसतात आणि पुढील वर्षी तोही हे काम सोडून देतो. यासाठी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम शिवारवार व ठरलेल्या आठवड्यात पुरे होईल असे पाहावे. कुट्टी यंत्र प्रत्येकास घेणे परवडत नाही. चारपाच घरांत एक या प्रमाणात ते फिरविता येते.

सभेत तोंडी सांगण्यापेक्षा एक ताट उभे चिरून त्यातील अळी दाखविणे अधिक परिणामकारक होते. चैत्र-वैशाखात गंजीतील दहा बुडखे घ्यावेत, लोकांसमोर चिरावेत व किती अळ्या निघाल्या ते मोजावे. मृगातील पतंग याच बुडख्यांतून निघणार आहेत हे ज्यास डोळ्यांनी दिसले, तो नांगरट व कुट्टी पुढे ढकलणार नाही.